लालाला लाल

“शालन, खूण केलीस काय?”

बाहेरून ह्यांचा आवाज आला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पुरणात होते. दसऱ्याची सकाळ. चुलीवर कटाची आमटी उकळत होती आणि सासूबाई दारात बसून झेंडूचं तोरण ओवत होत्या.

“केली की, कालच,” मी आतूनच ओरडले.

एवढंच. तीन शब्द. त्या तीन शब्दांनी दुपारपर्यंत आमची काय दशा केली ते सांगते. सव्वीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

आमचं गॅरेज आजऱ्यात, आंबोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला, घराच्याच पुढच्या पत्र्याखाली. पूर्वी तिथं सासऱ्यांची लोहाराची भट्टी होती. ते गेल्यावर ह्यांनी, म्हणजे दिनकररावांनी, भट्टी मोडली आणि गाड्यांचं काम सुरू केलं. ऐरण मात्र जागची हलवली नाही. हलवली असती तर सासूबाईंनी ह्यांनाच हलवलं असतं. त्यांना मी आत्या म्हणत असे. तीस वर्षं त्यांनी त्या भट्टीचा भाता ओढला होता. बोलणं कमी, आणि बोलतील ते एकदाच.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास ग्राइंडरवर काम करताना लोखंडाची कपची उडाली आणि ह्यांचा उजवा डोळा गेला. मिरजेला पंधरा दिवस काढले. डावा डोळा शाबूत राहिला. एका डोळ्याचं दिसणं वेगळं असतं हे मला तेव्हा कळलं. वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. सुरुवातीला हे चहाचा कप खाली ठेवायला जात आणि तो टेबलाच्या अलीकडंच सुटे. बोल्टवर पाना बसवताना तीन-तीनदा हुकत. सवयीनं हळूहळू हात बसला, पण गावाला तेवढा धीर कुठला? हवा भरायला, ऑइल बदलायला माणसं यायची. इंजिन उघडायचं म्हटलं की गाडी गडहिंग्लजला जायची. तोंडावर कुणी काही बोललं नाही, म्हणून तर जास्त लागायचं.

मग मी त्यांच्या शेजारी उभी राहायला लागले. आधी नुसती बॅटरी धरायला. मग माझ्या लक्षात आलं की बारीक रेघा, ठोकलेली टिंबं, असलं काही त्यांना पटकन सापडत नाही. माझ्याकडं लग्नातली लाल नेलपॉलिशची बाटली होती, अर्धी वाळलेली. नाहीतरी ती लावून मी कुठं मिरवणार होते. तिच्यानं मी खुणा करायला लागले. कुठली वायर कुठल्या प्लगची, कुठला नट कुठवर फिरवायचा, पुलीवरची रेघ कुठं आहे, सगळीकडं टिकलीएवढा लाल ठिपका. तेलाच्या बोटानं तो पुसत नाही आणि लांबून दिसतो. ‘लालाला लाल’ असा आमच्यातला शब्दच होऊन गेला. हे विचारायचे, “लालाला लाल आलं?” मी म्हणायची, “आलं.” की झालं काम.

आत्या ऐरणीशेजारी बसून हे सगळं बघत असायच्या. माझा हात लोखंडाला लागलेला त्यांना आवडतो की नाही हे मला कधी कळलं नाही. विचारायची माझी छाती नव्हती.

घट बसले आणि दुसऱ्या दिवशी देसाई बाईंची जीप चौघांनी ढकलत आणली. बाई म्हणजे हायस्कुलातून रिटायर झालेल्या हेडमास्तरीण. मालकांनी लावलेली काजूची बाग त्या एकट्या सांभाळायच्या, आणि मालकांचीच जुनी पेट्रोलची जीप स्वतः चालवत रोज बागेत जायच्या. ह्यांना त्यांनी आठवीत गणित शिकवलं होतं आणि बहुधा छडीही दिली होती.

“घाटात बंद पडली,” बाई म्हणाल्या. “स्टार्टर फिरतोय, आतलं काही फिरत नाही असं वाटतं.”

ह्यांनी झाकण काढून बघितलं, कान लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. “बाई, टायमिंगचं चाक गेलंय. इंजिनाचं तोंडच उघडावं लागंल.”

“मग उघड.”

“गडहिंग्लजला न्या म्हणतो मी. तिथं...”

“दिनकर,” बाईंनी चष्म्यावरून बघितलं, “नेम धरताना माणूस एक डोळा मिटतोच की. तुझा आयताच मिटलाय. उघड इंजिन.”

ह्यांना हसू आलं. शिमग्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना मोकळं हसताना बघितलं. मी आत जाऊन उगीचच भांडी वाजवली, डोळे पुसायला निमित्त हवं होतं.

टायमिंगचं चाक म्हणजे काय ते मलाही त्याच आठवड्यात कळलं. इंजिनाच्या तोंडाशी, पत्र्याच्या झाकणामागं दोन दातेरी चाकं असतात. खालचं लहान, लोखंडी. वरचं त्याच्या दुप्पट, त्या जीपमध्ये फायबरचं. खालचं वरच्याला फिरवतं, आणि वरचं ठरवतं की कुठला व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, केव्हा मिटायचा. दोन्ही चाकांवर एकेका दात्यापाशी बारीक टिंब ठोकलेलं असतं. बसवताना टिंबाला टिंब भिडवायचं. दोनचार दाते इकडंतिकडं झाले की मग इंजिन बसलंच. बाईंच्या जीपचं फायबरचं चाक वय होऊन झिजलं होतं. निम्मे दाते नारळाच्या शेंडीसारखे पिंजून खाली पडले होते.

नवं चाक कोल्हापुराहून मागवलं. बाईंना जीप दसऱ्याला चार वाजता हवी होती. मालक गेल्यापासून नऊ वर्षं दर दसऱ्याला त्या स्वतः गाडी चालवत बागेत जायच्या आणि तिथल्या माणसांना सोनं द्यायच्या. एकही वर्ष चुकलं नव्हतं.

आणि आमचं काय होतं, ते ह्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. इचलकरंजीला माझ्या नणंदेच्या मालकांनी, म्हणजे दाजींनी, एका सूतगिरणीत ह्यांच्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती. दसऱ्यानंतर हो किंवा नाही कळवायचं होतं.

“ही जीप चालू झाली तर हितंच ऱ्हायचं,” हे म्हणाले. “न्हाई झाली तर पत्रा उतरवायचा. आईला आत्ता सांगू नको.”

“आणि ऐरण?”

ह्यांनी ऐरणीवरची धूळ तळहातानं पुसली.

खंडेनवमीला सकाळी उठून मी जीपच्या तोंडाशी वाकले, खालच्या चाकावरचं टिंब शोधून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मग सगळी हत्यारं रॉकेलनं पुसून ऐरणीभोवती मांडली. पाने, पकडी, हातोडे, जॅक, सासऱ्यांचा घण. नारळ फोडायची वेळ झाली आणि तेवढ्यात एसटीतून पार्सल आलं.

“चाक आलंय न्हवं? त्येबी ठेवा हत्यारांत,” आत्या म्हणाल्या.

ह्यांनी कागद सोडून नवं चाक ऐरणीला टेकवून ठेवलं, नारळ फोडला. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला बोट लावायचं नाही, हा आत्यांचा नियम. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. त्यामुळं आम्ही दोघं आपट्याची पानं आणायला ओढ्याकडं गेलो, आणि आत्या दरवर्षीप्रमाणं कुंकवाची वाटी घेऊन मागं राहिल्या.

दसऱ्याला मी पुरण वाटायला घेतलं आणि हे म्हणाले, “तू सैपाक बघ. आज माझं मी बसवतो.”

“बॅटरी धरते की मी. दहा मिनिटांचं तर काम.”

“नको. जमतंय काय बघू दे मला.”

मी त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा पुरणाला लागले. मला कळलं होतं त्यांना काय बघायचं आहे ते. त्यानंतर त्यांनी ते खूण केलीस काय विचारलं, आणि मी ते उत्तर दिलं.

साडेदहापर्यंत झाकण बसलं, पुली चढली, रेडिएटर जागेवर आला. मी हात धुऊन पदराला पुसत बाहेर आले. आत्यांनी जीपला झेंडूची माळ घातली. हे गाडीत बसले आणि स्टार्टर मारला.

फाट्, असा कार्बुरेटरमधून आवाज आला. पुन्हा मारला. फाट्, फाट्. थोडा धूर निघाला आणि माळेतलं एक फूल गळून पडलं. इंजिन काही धरेना.

“वायरी बघ,” हे म्हणाले.

मी वायरी बघितल्या. लालाला लाल होत्या. प्लग काढून पुसले. करंट बघितला, चांगला पडत होता. पेट्रोल येत होतं. मग ह्यांनी पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला आणि मला हँडलनं इंजिन हळूहळू फिरवायला लावलं. मी फिरवलं. ह्यांनी अंगठा तसाच ठेवला होता आणि चेहरा बदलत होता.

“दाब भलत्याच वेळेला येतोय,” ते म्हणाले. “टायमिंग चुकलंय.”

बाजूच्या दगडावर ते बसले. हातातल्या फडक्यानं एकेक बोट पुसायला लागले. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत होते.

“मला दिसलं न्हाई शालन. मला वाटलं जुळलंय. चांगलं जुळलंय म्हणून मी बोल्ट आवळला. खरं मला दिसलंच न्हाई.”

“परत उघडू.”

“उघडून काय करू? परत तसंच दिसंल. बाईस्नी निरोप दे, गडहिंग्लजला न्या म्हणावं. आणि दाजींनाबी कळवून टाक.”

दारात आत्या उभ्या होत्या. “जावयाला काय कळवायचं?” त्यांनी विचारलं.

मला एकाच वेळी रडू येत होतं आणि राग येत होता. राग कुणाचा ते विचारू नका. त्या कपचीचा, गावाचा, ह्यांच्या त्या बोटं पुसण्याचा. आणि माझा स्वतःचा. पुरण काय पळून चाललं होतं? दहा मिनिटं बॅटरी घेऊन उभी राहिले असते तर काय झालं असतं?

मी पदर खोचला आणि रेडिएटरचा पाइप सोडायला लागले.

“शालन, राहू दे.”

“तुम्ही बसा. मला बघायचंय.”

पुलीचा नट माझ्यानं सुटेना. मी पान्याला लोंबकळले तरी सुटेना. शेवटी हे उठले, माझ्या हातातून पाना घेतला आणि नट सोडवून दिला. मग पुन्हा दगडावर जाऊन बसले, पाठ जीपकडं करून. झाकणाचे बोल्ट मीच काढले. बाराच्या सुमारास झाकण खाली आलं.

मी बॅटरी लावली आणि आत बघितलं.

लालाला लाल होतं.

खालच्या चाकावर माझा लाल ठिपका, वरच्या चाकावर लाल ठिपका, आणि दोन्ही एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून. केसाचाही फरक नव्हता. मी डोळे पुसून परत बघितलं. बरोबर होतं. मग इंजिन का फुरफुरतंय? दोन-तीन मिनिटं मी तशीच वाकून राहिले. टिंबं जुळलेली आणि टायमिंग चुकलेलं, असं होतं का कधी?

आणि मग मला आठवलं. खालच्या चाकाला मी खूण केली होती, काल सकाळी, पार्सल यायच्या आधी. वरच्या चाकाला मी खूण केलीच नव्हती. ते चाक आलं, ऐरणीला टेकलं, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नव्हता. सकाळी हे विचारत होते नव्या चाकाचं, आणि मी सांगत होते खालच्या लोखंडी चाकाचं.

मग हा दुसरा ठिपका कुणाचा?

मी बोट घातलं आणि ठिपक्यावरून फिरवलं. माझा ठिपका बोटानं निघत नाही. हा निघाला. बोटाचं टोक लालभडक झालं. मी ते नाकाशी नेलं. खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू.

फडक्यानं मी चाकाची कड दात्यादात्यानं पुसत गेले. खरं टिंब सापडलं. सहा दाते पलीकडं, तिळाएवढं.

“आत्या,” मी हाक मारली. आवाज जरा चढलाच असावा, कारण त्या तोरण टाकून आल्या. मी बोट पुढं केलं. “ह्या चाकाला कुंकू तुम्ही लावलं?”

“मग? कोण लावणार?”

“ह्याच दात्याला का लावलं?”

“समोर आला त्यो,” आत्या म्हणाल्या. “तू लावतीस तसाच लावला की. बारका, टिकलीएवढा.”

“मी लावते?”

“रोज दिसतंय की मला. पाने, नट, वायरी, दिसंल त्या लोखंडाला टिळा लावत असतीस. मला वाटलं दिनकरच्या डोळ्यासाठी काय तर नवस बोलली असशील. म्हटलं, बोलत न्हाई तर नको बोलू दे. नव्या चाकाला ह्या खेपेला आपण लावू, तेवढाच आपलाबी हात.”

सात महिने ती बाई ऐरणीशेजारी बसून माझ्या हाताकडं बघत होती ती ह्यासाठी. मी काय समजत होते आणि काय निघालं. मी जीपच्या बंपरवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायलाही लागले, ते मला थांबवता आलं नाही.

“येडी झाली काय ही?” आत्यांनी ह्यांना विचारलं.

हे उठून आले होते. त्यांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि आत वाकून बघितलं. डावा डोळा चाकाशी नेऊन बराच वेळ बघितलं.

“कुंकवाला जुळवलं व्हय मी?”

“हो.”

“बरोबर जुळलं होतं?”

“बरोबर.”

“एक दाताबी इकडंतिकडं न्हाई?”

“अर्धा दातासुद्धा नाही. मी स्वतः बघितलं. लालाला लाल.”

“परत सांग,” हे म्हणाले.

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं त्यांनी. मग बॅटरी विझवून ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं शिमग्यापासून छातीत अडकलेला तोच असावा. माझ्याही अंगातलं सगळं ओझं उतरलं. जगातली एवढी मोठी चूक, आणि तिच्यात ह्यांचा डोळा नापास झाला नव्हता. उलट पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते, फक्त प्रश्न दुसराच सोडवला होता.

“म्हंजे चुकलं ते माझं,” आत्या म्हणाल्या.

“न्हाई आई,” हे म्हणाले. “तुझं न्हाई चुकलं. तू सहा दाते फुडं लावायला पायजे होतंस, एवढंच.”

मी नेलपॉलिशची बाटली आणली. तळाशी थोडंसं उरलं होतं. खऱ्या टिंबावर ठिपका दिला. ह्यांनी चाक काढून परत धरलं आणि मी बॅटरी हातात घेतली.

“धरू?” मी विचारलं.

“धर. खरं सांगू नको काय. मी सांगतो, तू नुसतं बघ.”

त्यांनी चाक फिरवत खाली आणलं, थांबले, पाव बोट मागं घेतलं. “आलं,” म्हणाले. मी बघितलं. आलं होतं. लाकडी ठोकळ्यानं हलकं हलकं ठोकून, बोल्टनं ओढून चाक बसवलं. झाकणाखालचं कागदी पॅकिंग उघडताना फाटलं होतं, म्हणून कागद झाकणावर ठेवून नवं कापलं. तेवढ्यात आत्यांनी आम्हा दोघांना तिथंच एकेक पोळी आणून दिली. तेलकट हातांनी खाल्ली. तसली पुरणपोळी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

पावणेचारला हे गाडीत बसले. मी ऐरणीपाशी आत्यांच्या शेजारी उभी राहिले. आत्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पहिल्याच स्टार्टरला इंजिन लागलं. आधी जरा खाकरलं, मग एका लयीत चालू झालं. बॉनेटवर ठेवलेला रिकामा चहाचा कप होता, तो जागचा हलला नाही. आत्यांनी मनगट सोडलं तेव्हा तिथं त्यांची चार बोटं उमटली होती.

चार वाजता देसाई बाई चालत आल्या, इरकली नेसून, हातात आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन. त्यांनी आवाज ऐकला, मान डोलावली.

“लागला ना नेम?”

“दोनदा लागला बाई,” मी म्हणाले. “पहिल्यांदा दुसऱ्याच झाडाला.”

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी आम्हा तिघांना सोनं दिलं, गाडीत बसल्या आणि आंबोलीच्या रस्त्याला लागल्या. वळणाआड जाईपर्यंत हे रस्त्याच्या मधोमध उभे राहून ऐकत होते.

रात्री जेवताना आत्यांनी पुन्हा दाजींचं विचारलं. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, ह्यांनी सांगून टाकलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जावयाला लिही, सोनं घ्यायला तुम्हीच हिकडं या म्हणावं.” दुसऱ्या दिवशी मी तसंच पोस्टकार्ड टाकलं.

त्यानंतर गाड्या यायला लागल्या, हळूहळू. नेलपॉलिशच्या किती बाटल्या संपल्या त्याला गणती नाही.

पण मला आठवते ती पुढच्या वर्षीची खंडेनवमी. एका ट्रकचं टायमिंगचं चाक असंच पूजेला मांडलं होतं. आत्यांची नजर तोवर बरीच मंदावली होती. कुंकवाची वाटी घेऊन त्या चाकापुढं बसल्या आणि तशाच थांबून राहिल्या.

“शालन,” त्यांनी हाक मारली, “कुठल्या दात्याला लावू?”

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचं कुंकवाचं बोट धरून ते दात्यादात्यावरून नेलं, आणि टिंबावर टेकवलं.

“ह्याला,” मी म्हणाले.

त्यांनी बोटानं ते टिंब चाचपलं, बारीक खळगा लागला तशी मान हलवली, आणि टिळा लावला.

“एवढंच होतं व्हय,” आत्या म्हणाल्या. “मग आदीच सांगायचं.”